कानगोष्टी : अल हूताच्या आंधळ्या माशापासून आपल्या बाळापर्यंत



ओमानमध्ये राहायचे आणि वादीत पाय सोडून बसायचे नाही, असे आपल्यापैकी कोणाचे झाले असेल असे वाटत नाही. पाण्यात पाय बुडवले की दोन मिनिटांत बोटाएवढे मासे जमतात आणि टाचा कुरतडायला लागतात. पोरे किंचाळतात, भारतातून आलेल्या आज्या घाईघाईने पाय वर घेतात! हे मासे बरेचदा 'गारा' या कुळातले असतात. याच कुळातला एक मासा आपल्या दख्खनच्या नद्यांतही आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, त्यात 'मुल्या' नावाने त्याची नोंद आहे. म्हणजे वादीतले हे मासे आपले गाववाले नसले तरी भाऊबंद नक्कीच आहेत.

याच गारा कुळातला एक मासा जबल अखदरच्या पायथ्याशी, अल हमराजवळच्या अल हूता गुहेत राहतो. तो आंधळा आहे. पिल्लू असताना त्याचे डोळे तयार व्हायला सुरुवात होते, पण पुढे ते खुरटतात आणि त्यांच्यावर कातडी चढते. मग मिट्ट काळोखात हा मासा खडकावर आपटत कसा नाही? त्याच्या अंगावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. पाणी जरा हलले की त्यांच्यावरचे केस वाकतात आणि मेंदूला बातमी जाते. अशा पेशी सर्वच माशांना असतात, पण डोळे नसलेल्या माशाची सारी भिस्त त्यांच्यावर असते.

आता गंमत बघा. जवळजवळ अशाच पेशी आत्ता तुमच्या-आमच्या कानात आहेत. आपण ऐकतो ते त्यांच्यामुळे, आणि सरळ उभे राहतो तेही त्यांच्यामुळेच.

आम्ही दोघेही इंजिनिअर, पोटापाण्याचा धंदा आयटीचा. डॉक्टर नव्हे. पण आमच्या मुलीच्या जन्मानंतर कानाची जी तपासणी झाली तिच्यामुळे या विषयात डोके घालावे लागले. (ती हकीकत पुढे येईलच.) वाचता वाचता असे लक्षात आले की हे यंत्र बनते कसे ते समजले, तर ते कुठे बिघडते आणि आई-बापांनी कधी घाई करायला हवी, तेही आपोआप समजते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कान नेमका असतो कुठे?

ज्याला आपण कान म्हणतो आणि लहानपणी जो मास्तरांनी पिरगळला, तो नुसता कर्णा. आवाज गोळा करून पडद्यापर्यंत नेणे एवढेच त्याचे काम. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आहेत, ती पडद्याचा थरथराट आत पोचवतात. खरा कान त्याच्याही आत, कवटीच्या अतिशय टणक हाडात कोरलेल्या पोकळीत आहे. यालाच अंतर्कर्ण म्हणायचे. त्यात द्रव भरलेला असतो आणि त्याचे तीन भाग असतात.

पहिला भाग गोगलगाईच्या शंखासारखा, अडीचहून थोडे जास्त वेटोळे असलेला. याला कॉक्लिया म्हणतात. सरळ केला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. हा ऐकण्याचा भाग.

दुसरा भाग म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींशी साधारण काटकोनात. मान कोणत्याही दिशेला फिरवा, तीनपैकी निदान एका नलिकेतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळते की डोके फिरले. मोबाइलमध्ये जो जायरोस्कोप असतो, त्याचेच काम.

तिसरा भाग दोन पिशव्यांचा. त्यांत चिकट थरावर चुन्याचे बारीक खडे बसवलेले असतात. खडे जड असल्यामुळे आपण वाकलो, लिफ्ट सुटली, गाडीने ब्रेक मारला की ते सरकतात. त्यावरून मेंदूला खाली-वर आणि वेग कळतो. कोकणातल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. ढोमी किंवा घोळ खाताना डोक्यात जे दोन पांढरे दगड लागतात ते माशाच्या कानातलेच! त्या दगडांत झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात आणि ती मोजून माशाचे वय काढतात.

केसपेशी : सगळ्या खेळाचे मूळ

तिन्ही भागांत प्रत्यक्ष काम करणारा कामगार एकच, केसपेशी. हिच्या डोक्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उंचीच्या ओळींत सूक्ष्म केसांचा झुबका असतो. (डोक्यावरच्या केसांशी यांचा काही संबंध नाही.) बुटक्या केसाचे टोक शेजारच्या उंच केसाला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेले असते. झुबका उंच बाजूला वाकला की धागा ताणला जातो, धाग्याने एक झडप उघडते, पोटॅशियमचे भारित कण आत घुसतात आणि पेशीत विद्युत संकेत तयार होतो. मध्ये कुठलीही लांबलचक रासायनिक प्रक्रिया नाही, थेट दोरी ओढून दार उघडणे. म्हणूनच कान डोळ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे.

आता संख्या बघा. एका डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी १२ कोटींच्या घरात. एका कॉक्लियात केसपेशी किती? आतल्या ओळीत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या तीन ओळींत मिळून सुमारे १२,०००. संपले! कुमार गंधर्वांपासून शेजारच्या मिक्सरपर्यंत आपण जे जे ऐकतो ते एवढ्या भांडवलावर.

या दोन प्रकारांत कामाची वाटणी आहे. आतल्या ओळीतल्या पेशी मेंदूला बातमी देतात. बाहेरच्या ओळींतल्या पेशी अॅम्प्लिफायरचे काम करतात. आवाजाच्या तालावर त्या स्वतः आखूड-लांब होतात आणि हलका आवाज वाढवून देतात.

सूर कसा ओळखला जातो? कॉक्लियाच्या आत एक पातळ पडदा सुरुवातीपासून टोकापर्यंत गेलेला असतो. सुरुवातीला तो अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. बारीक, उंच स्वर सुरुवातीलाच पडदा हलवतात. खर्जातले स्वर टोकापर्यंत प्रवास करतात. थोडक्यात, हार्मोनियमच्या पट्ट्या जणू वेटोळ्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. हे दाखवून देणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेसी यांना १९६१ चे नोबेल मिळाले. आम्हाला कॉलेजात फुरिए रूपांतर शिकताना घाम फुटला होता. कान तेच काम नुसत्या एका पडद्याच्या आकारावर करतो!

आईच्या पोटात कान कसा घडतो

गर्भ राहून साधारण २२ दिवस झाले की मेंदूच्या मागच्या भागाच्या दोन्ही बाजूंना, गर्भाच्या बाहेरच्या त्वचेवर, एकेक जाडसर ठिपका दिसू लागतो. त्वचेवर बरं का! कान मेंदूतून फुटत नाही, तो कातडीतून घडतो. शेजारच्या मेंदूकडून आणि खालच्या थराकडून रासायनिक निरोप येतात, "इथे कान करा", आणि त्या ठिपक्याचे भवितव्य ठरते.

हा ठिपका आत दबतो, त्याची वाटी होते, वाटीचे तोंड मिटते आणि चौथ्या आठवड्याच्या अखेरीस त्वचेखाली एक बंद बुडबुडा तयार होतो. तेव्हा अख्खा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि पुष्कळदा आईला आपल्याला दिवस गेलेत हे नुकतेच कळत असते. पुढे बुडबुड्याच्या वरच्या भागातून तीन नलिका घडतात, मधल्यातून खड्यांच्या पिशव्या आणि खालच्या टोकातून कॉक्लियाची नळी वाढत वाढत वेटोळे घेते. दहाव्या आठवड्याच्या सुमारास अडीच वेटोळी पूर्ण झालेली असतात. विसाव्या आठवड्याच्या आसपास अंतर्कर्ण जवळजवळ मोठ्या माणसाच्या मापाचा होतो. नंतर हातपाय वाढतात, नाक वाढते, पण हा भाग आयुष्यभर तेवढाच राहतो.

बुडबुड्याच्या भिंतीतल्या सगळ्या पेशी सुरुवातीला सारख्याच. मग कोणी केसपेशी व्हायचे आणि कोणी तिला आधार देणारी पेशी, हे कसे ठरते? एखादी पेशी केसपेशी होऊ लागली की ती शेजारणींना संकेत देते, "मी होतेय, तू नको होऊस." त्यामुळे एक केसपेशी, भोवती आधारपेशी, पुन्हा एक केसपेशी अशी बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते. वरून कोणी आराखडा देत नाही. शेजारी-शेजारी एवढ्याच बोलण्यातून सगळी रचना होते. आमच्या क्षेत्रात अशा पद्धतीने चालणारी सिस्टिम बनवायला भल्याभल्यांना जमत नाही!

वायरिंग

आम्हाला सगळ्यात नवल वाटले ते नसांचे. कानापासून मेंदूपर्यंतची तार कोण टाकते? आमचा अंदाज होता की मेंदूतून नस निघत असेल आणि कानाला येऊन जोडली जात असेल. प्रत्यक्षात उलटे आहे. केसपेशी तयार व्हायच्या आधीच त्या बुडबुड्याच्या भिंतीतून काही पेशी सुटून बाहेर पडतात आणि जवळच घोळका करून बसतात. याच पुढे श्रवण आणि तोल यांच्या चेतापेशी होतात. म्हणजे कान स्वतःच्या तारा स्वतःच्याच मालातून बनवतो. त्या तारांवरचे वेष्टण करणाऱ्या पेशी मात्र दुसरीकडून येतात.

प्रत्येक चेतापेशीला दोन टोके फुटतात. एक केसपेशीकडे जाते, दुसरे मेंदूकडे. दोन्हीकडे जागा चुकून चालत नाही, कारण सुरुवातीच्या केसपेशीची तार मेंदूत उंच स्वरांच्या जागी आणि टोकाच्या केसपेशीची तार खर्जाच्या जागीच पोचली पाहिजे. एका कानातून अशा सुमारे ३०,००० तारा निघतात आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त त्या ३,५०० आतल्या केसपेशींना जोडलेल्या असतात.

जोडणी बरोबर झाली की नाही, हे पाहण्याची सोयही आहे. कानाच्या पेशी दोन प्रकारची पोषक प्रथिने सोडतात. चेतापेशीचे टोक योग्य ठिकाणी पोचले तर तिला हा खुराक मिळतो आणि ती जगते. नाही पोचले तर मरते. प्रयोगशाळेतल्या उंदरांत या दोन्ही प्रथिनांची जनुके काढून टाकली, तेव्हा कानाच्या जवळजवळ सगळ्या चेतापेशी नाहीशा झाल्या. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात तर बेडकाच्या गर्भात तिसरा कान बसवून पाहिला. त्या जादा कानातून निघालेल्या नसा मेंदूच्या मागच्या भागात शिरून तोल सांभाळणाऱ्या जागी पोचल्या. वाट सांगणाऱ्या खुणा किती पक्क्या असतात बघा.

जोडणी झाल्यावर 'टेस्टिंग' हवेच. उंदरांत असे दिसले आहे की कान ऐकू लागण्याच्या आधीच केसपेशी आपणहून संकेतांचे झटके पाठवतात, आणि त्यावर मेंदूकडची जुळणी पक्की होते. माणसाचा गर्भ साधारण सहाव्या महिन्यात आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. पोटात बाहेरचे आवाज दबून येतात, बारीक स्वर गळून पडतात, पण आईचा आवाज तिच्या शरीरातूनच पोचतो. १९८० साली दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवले की नवजात बाळ इतर बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते. अभिमन्यूने चक्रव्यूह ऐकला की नाही ते व्यासांना ठाऊक, पण मस्कतला जन्मलेल्या आपल्या मुलांच्या कानांवर आईच्या मराठीची चाल जन्माच्या आधीच पडलेली असते, हे मात्र खरे.

कोट्यवधी वर्षांची जुनी सिस्टिम

केसपेशीचे मूळ किती जुने असावे? पाण्यात राहणारे काही एकपेशीय जीव आहेत, त्यांच्या अंगावर एका शेपटीभोवती सूक्ष्म केसांची कॉलर असते. केसपेशीचे त्यांच्याशी असलेले साम्य पाहून अनेक शास्त्रज्ञांना वाटते की मूळ तिथपर्यंत जाते. याहून ठोस पुरावा जनुकांत आहे. केसपेशी घडवायला एक विशिष्ट जनुक लागते. फळांवर बसणाऱ्या चिलटातही त्याचे जुळे जनुक आहे आणि ते चिलटाच्या ऐकण्याच्या अवयवासाठी लागते. २००२ साली शास्त्रज्ञांनी उंदराचे हे जनुक काढून त्या जागी चिलटाचे बसवले, आणि उंदराच्या कानात केसपेशी व्यवस्थित तयार झाल्या! चिलट आणि उंदीर यांचे शेवटचे सामाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुने. एवढा जुना कोड आजही जसाच्या तसा चालतो, यावर आमच्यासारख्यांचा विश्वास बसणे कठीण. आमचा दोन वर्षांपूर्वीचा कोड नव्या सर्व्हरवर चालत नाही.

कानाचा आकार मात्र टप्प्याटप्प्याने वाढत गेला. जबडा नसलेल्या हॅगफिश माशाला एकच नलिका असते, लॅम्प्रेला दोन, आणि जबडा असलेल्या सर्व प्राण्यांना तीन. माशाला कॉक्लिया नसते, तो खड्यांच्या पिशव्यांवरच ऐकतो. प्राणी जमिनीवर आल्यावर हवेतला आवाज पकडायची गरज पडली आणि ऐकण्याचा वेगळा कोपरा वाढीला लागला. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसची कॉक्लिया केळ्यासारखी नुसती वाकलेली आहे. पिल्ले देणाऱ्या सस्तन प्राण्यांत तिने वेटोळे घेतले. पडद्यामागच्या तीन हाडांपैकी दोन तर मूळची जबड्याची हाडे. रायखर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८३७ सालीच गर्भांचा अभ्यास करून हे ओळखले होते.

जमिनीवर आल्यावर अंगावरच्या केसपेशी गेल्या. बेडकाच्या पाण्यातल्या पिल्लाला त्या असतात, मोठ्या बेडकात बहुधा नसतात. आणि एकदा गेलेले परत येत नाही. याचे उदाहरण आपल्या दोन्ही देशांशी जोडलेले आहे.

देवमासा हा जमिनीवरून पाण्यात परत गेलेला सस्तन प्राणी. काश्मीरच्या खडकांत 'इंडोहायस' नावाच्या, हरणासारख्या दिसणाऱ्या लहानशा प्राण्याचे जीवाश्म मिळाले, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे. ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञाने ते खडक गोळा केले होते. त्यांच्या पश्चात हान्स थेविसेन यांच्या चमूने ते तपासले आणि २००७ साली जाहीर केले की या प्राण्याच्या कानाजवळच्या हाडाची आतली भिंत देवमाशासारखी जाड आहे. देवमाशाच्या घराण्याशी नाते सांगणारा हा कानातला दाखला! त्याआधी २००२ साली भारत-पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांच्या कवट्या तपासून स्पूर, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की पाण्यात गेल्यावर त्यांच्या अर्धवर्तुळाकार नलिका साडेचार कोटी वर्षांपूर्वीच झपाट्याने लहान झाल्या. निळ्या देवमाशाएवढ्या अवाढव्य प्राण्याच्या नलिका आज माणसाच्या नलिकांपेक्षाही लहान आहेत. पाण्यात परत जाऊनही अंगावरच्या केसपेशी काही देवमाशाला परत मिळाल्या नाहीत. त्याने जमिनीवरून नेलेला कानच पाण्यासाठी बदलून घेतला.

ओमानच्या किनाऱ्यावर कुबड्या देवमाशांचा जो कळप आहे, तो इतर समुद्रांतल्या भाईबंदांसारखा लांबचे स्थलांतर करत नाही. अंदाजाने शंभराहूनही कमी उरलेत. त्यांच्यातली एक मादी, 'लुबान', हिला २०१७ च्या नोव्हेंबरात मसिराहच्या आखातात उपग्रहाचा टॅग लावला. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समुद्रापर्यंत गेली, तिथून भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून परत ओमानला आली. तिकिटाचा खर्च नाही, सामानाच्या वजनाची कटकट नाही!

बिघाड कुठे होतो

आता मुद्द्याचे. दर हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. त्याची कारणे वर सांगितलेल्या पायऱ्यांशी ताडून पाहिली की चित्र स्पष्ट होते.

बरेच बिघाड जनुकांतले. शंभराहून जास्त जनुके आजवर सापडली आहेत. यांतले सगळ्यात प्रसिद्ध 'कनेक्सिन-२६'. केसपेशीत घुसलेले पोटॅशियम पुन्हा द्रवात फिरवण्यासाठी आधारपेशींत जे मार्ग असतात, ते या प्रथिनाचे बनतात. २२६ अमिनो आम्लांचे हे प्रथिन. भारतात आढळणाऱ्या नेहमीच्या दोषात २४ व्या जागीच पूर्णविराम पडतो, म्हणजे प्रथिन बनतच नाही. ओमानमध्ये मात्र २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या लोकांत या जनुकातले बहिरेपणाचे दोष सापडलेच नाहीत. म्हणजे ओमानी कुटुंबांतली जनुकीय कारणे बहुतांशी वेगळी. आपल्याला यातून घ्यायचे ते एवढेच की जनुकीय तपासणी करायची वेळ आलीच, तर आपले मूळ कुठले ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

असे बहुतेक दोष आई आणि वडील दोघांकडून आले तरच प्रकट होतात. दोघेही नुसते वाहक असतील तर त्यांना स्वतःला उत्तम ऐकू येते, पण प्रत्येक अपत्याला चारात एक धोका असतो. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. ओमानमधल्या बहिऱ्या मुलांच्या अभ्यासात (२००८) नात्यातले आई-वडील मोठ्या प्रमाणात आढळले. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, तेव्हा हा विषय परका समजायचे कारण नाही.

बाकीची कारणे : गरोदरपणातला रुबेला किंवा सायटोमेगालो विषाणूचा संसर्ग, फार आधी झालेला जन्म, तीव्र कावीळ, मेंदूज्वर, आणि जेंटामायसिनसारखी काही औषधे, जी केसपेशींना मारू शकतात.

दोन तपासण्या आणि त्यांतला फरक

ओमान हा नवजात बालकांची श्रवण तपासणी देशभर सुरू करणाऱ्या या भागातल्या सुरुवातीच्या देशांपैकी एक. तिचे अनुभव २००६ सालीच प्रसिद्ध झाले आहेत. बाळाच्या कानात मऊ बोंडूक ठेवतात, टकटक असा आवाज सोडतात आणि कानातून परत येणारा आवाज मोजतात. होय, कान आवाज काढतो! बाहेरच्या ओळीतल्या केसपेशी आखूड-लांब होतात, त्याचा हा प्रतिध्वनी. डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये १९७८ साली तो शोधला. काही मिनिटांचे काम, बाळ झोपेतच असते.

आमच्या मुलीच्या एका कानाला पहिल्यांदा 'पुन्हा तपासा' असा शेरा आला. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही कान ठीक निघाले. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत कानात द्रव किंवा चिकटा राहिल्यामुळे असे पुष्कळ बाळांचे होते. पण ते दोन आठवडे आम्ही घरात भांडी आपटत आणि दारे वाजवत काढले. भांडी आपटून काहीही सिद्ध होत नाही, हे इथे नमूद करतो. बाळ थरथराटाने किंवा सावलीनेही दचकते.

दुसरी तपासणी डोक्याला तारा चिकटवून होते. तिच्यात कानाची नस आणि मेंदूचा खालचा भाग आवाजाला उत्तर देतात की नाही ते बघतात. ही का लागते? प्रतिध्वनीची तपासणी बाहेरच्या केसपेशींपर्यंतच पोचते. केसपेशी ठीक पण पुढे नसेकडे बातमीच जात नाही, असा बिघाड तिला दिसत नाही. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची ही दुसरी तपासणी व्हायलाच हवी.

याच प्रकारचा एक बिघाड 'ओटोफर्लिन' नावाच्या प्रथिनाचा. ते नसेल तर आतली केसपेशी नसेला संकेत देऊ शकत नाही. निरोगी जनुक विषाणूच्या वाहनातून कानात पोचवून अशा मुलांना ऐकू येऊ लागल्याचे २०२४ मध्ये चीनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. तारा आणि पेशी जागेवर होत्या, एक भाग तेवढा नव्हता, म्हणून हे जमले. प्रत्येक बहिरेपणाला हा उपाय नाही.

जिथे केसपेशीच नाहीत तिथे कॉक्लियर इम्प्लांट. कॉक्लियाच्या वेटोळ्यात विद्युताग्रांची बारीक तार सरकवतात आणि ती नसेलाच थेट संकेत देते. हार्मोनियमच्या पट्ट्या गेल्या, पण तारा शाबूत आहेत, त्यांचा हा फायदा. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे या क्षेत्रातले काम मोठे आहे. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी मार्गदर्शन हवे असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणदोषावर काम करते आहे.

घाई कशाची?

मेंदूची. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू भाषा बसवून घेतो. त्या काळात कानाकडून बातमी आली नाही, तर ती जागा दुसऱ्या कामांना दिली जाते आणि नंतर यंत्र बसवूनही बोलणे कठीण जाते. म्हणून जगभर १-३-६ हा नियम सांगतात : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू.

इथे आपल्या परदेशातल्या कुटुंबांची एक खास अडचण. बाळंतपण माहेरी पुण्या-नागपूरला, मूल तीन महिन्यांचे झाल्यावर मस्कतला. तिकडे तपासणी राहून जाते, इकडे सगळ्यांना वाटते झालीच असेल. शिवाय मूल उशिरा बोलले तर "घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बाहेर अरबी, गोंधळतोय बिचारा" किंवा "याचा बापही उशिराच बोलला" हे उत्तर तयार असते. दोन-तीन भाषांमुळे मूल बहिऱ्यासारखे वागत नाही. तेव्हा :

- बाळ कुठेही जन्मलेले असो, श्रवण तपासणीचा कागद हातात घ्या आणि लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा.
- 'पुन्हा तपासा' म्हटले तर तारीख चुकवू नका, भारतवारी पुढे ढकला.
- सहा-सात महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे मूल नावाला ओ देत नसेल, तर आधीची तपासणी पास असली तरी परत करा. काही दोष नंतर उद्भवतात.

आणि मोठ्यांसाठी

पक्ष्यांच्या आणि माशांच्या केसपेशी मेल्या तर नव्या येतात. अल हूताच्या आंधळ्या माशाला ती सवलत आहे, आपल्याला नाही. कॉक्लियातली गेलेली केसपेशी गेली ती कायमची. सतत ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज आठ तास ही कामावरची सर्वसाधारण मर्यादा, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ढोल-ताशाच्या शेजारी उभे राहण्याचा कोटा मिनिटांतच संपतो. गणपतीत जरूर नाचा, पण तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन ताशाजवळ नको. हेडफोनचे गणितही तेच.

आई-बाबा भारतातून आलेत आणि कुशीवर वळताना त्यांना गरगरून चक्कर येते? पुष्कळदा हे पिशवीतले खडे सुटून नलिकेत शिरल्यामुळे होते. नाक-कान-घसा तज्ज्ञ डोके विशिष्ट क्रमाने फिरवून ते खडे जागी आणतात. मात्र चक्करेबरोबर बोलणे अडखळले, हात-पाय लुळा वाटला, तर खड्यांची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे.

तर मंडळी, बावीस दिवसांच्या गर्भावरचा तो ठिपका आपण घडवत नाही, त्याची वायरिंगही करत नाही. ती कामे फार जुनी यंत्रणा बिनबोभाट करते. पुढची काळजी तेवढी आपल्या हातात आहे. आपल्या ओळखीत कोणाकडे नवे बाळ आले असेल, तर बारशाच्या आहेराबरोबर एवढे अवश्य विचारा : "कानाची तपासणी झाली का?"